निकालाची घाई

एखादा चित्रपट, अल्बम किंवा मालिका प्रदर्शित झाली की पहिल्या एकदोन दिवसांत तिच्याविषयी जे बोलले जाते, त्यातील बहुतेक भाग त्या कलाकृतीबद्दल नसतोच. सुरुवातीचे आकडे किती आले, अमुक संकेतस्थळावर टक्केवारी किती घसरली, चाहते कुणावर चिडले, दिग्दर्शकाने मुलाखतीत काय विधान केले आणि त्या विधानावर कोणी काय मल्लिनाथी केली, यातच चर्चेचा सारा जीव खर्ची पडतो. पुढच्या आठवड्यात दुसरे काही येते आणि आधीचे विस्मरणात जाते. इतके सगळे बोलून झाल्यावर त्या चित्रपटात कॅमेरा कुठे उभा होता, त्या गाण्यात ताल कुठे थांबला, त्या मालिकेच्या चौथ्या भागात कथा अचानक का रेंगाळली, असे विचारले तर उत्तर देऊ शकणारे फार थोडे सापडतात. अभिरुची घसरल्याची ओरड प्रत्येक पिढीने केली आहे आणि तिच्यात मला रस नाही. मला खटकते ती निकाल देण्याची घाई, आणि त्या घाईत निरीक्षणाची होणारी उपेक्षा.

समीक्षकाची थोरवी आपण सहसा त्याच्या निकालावरून ठरवतो. काळाने पुढे ज्याला मोठे मानले, त्याला आधीच मोठे म्हणणारा जाणकार आणि नाक मुरडणारा आंधळा, असा हा हिशेब असतो. तो मला पटत नाही, आणि न पटण्याचे कारण चित्रकलेच्या इतिहासातील एका गाजलेल्या फजितीत आहे. एप्रिल १८७४ मध्ये पॅरिसमध्ये छायाचित्रकार नादार यांच्या जुन्या स्टुडिओत मोने, रेन्वार, देगा, पिसारो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सरकारमान्य वार्षिक प्रदर्शनाला बगल देऊन स्वतःचे प्रदर्शन भरवले. लुई लेरुआ या पत्रकाराने 'ल शारिवारी' या विनोदी नियतकालिकात त्याची यथेच्छ टर उडवली. एका काल्पनिक, पदकविजेत्या बुजुर्ग चित्रकाराला तो प्रदर्शनातून फिरवतो आणि एकेका चित्रासमोर त्याचा तोल कसा ढळत जातो ते दाखवतो. मोनेच्या बंदरावरील सूर्योदयाच्या चित्रावरचा टोमणा तर प्रसिद्धच आहे: भिंतीला लावायच्या कागदावरची कच्ची नक्षीसुद्धा या समुद्रदृश्यापेक्षा अधिक पूर्ण असते! त्याच चित्राच्या 'इम्प्रेशन, सूर्योदय' या शीर्षकावरून त्याने साऱ्या कंपूला 'इम्प्रेशनिस्ट' म्हणून हिणवले, आणि १८७७ च्या प्रदर्शनात त्या चित्रकारांनी ते नाव स्वतःच मिरवले.

लेरुआचा निकाल साफ चुकला, हे सांगायला आज कोणी लागत नाही. परंतु थट्टा करता करता त्याने काय पाहिले होते, तेही पाहायला हवे. चित्र रूढ अर्थाने पुरे केलेले नाही, कुंचल्याचे फटकारे लपवलेले नाहीत, वस्तूची कड कुठे संपते आणि तिच्यावरचा प्रकाश कुठे सुरू होतो ते सांगता येत नाही, हे सगळे त्याच्या उपहासात आलेले आहे. पुढे त्या शैलीची वैशिष्ट्ये म्हणून जे शिकवले गेले, त्याचा बराचसा भाग हाच आहे. त्याच्या लेखातील 'किती वाईट' हा शेरा काढून टाकला, तर उरलेल्या मजकुरावरून न पाहिलेल्या चित्राची थोडीफार कल्पना करता येते. आजच्या किती परीक्षणांची ही परीक्षा घेता येईल, याची मला शंका आहे.

याच्या उलट उदाहरण जॉन रस्किन यांचे. ढग, खडक, पाने आणि लाटा यांचे इतके चिकाटीने वर्णन करणारा कलासमीक्षक इंग्रजीत दुसरा क्वचितच झाला असेल. इंग्रज निसर्गचित्रकार टर्नरच्या उत्तरकाळातील चित्रांची जेव्हा खिल्ली उडवली जात होती, तेव्हा निसर्ग आणि चित्र शेजारी शेजारी ठेवून त्यांनी त्याची बाजू लढवली होती. तेच रस्किन १८७७ मध्ये चित्रकार व्हिसलरच्या, रात्रीच्या आकाशात विझत जाणाऱ्या आतषबाजीच्या चित्रासमोर आले आणि लोकांच्या तोंडावर रंगाचे भांडे फेकण्याचे हा माणूस दोनशे गिनी मागतो, एवढे लिहून मोकळे झाले. व्हिसलरने अब्रुनुकसानीचा दावा लावला. दोन दिवसांच्या कामाचे इतके पैसे मागता काय, असे न्यायालयात विचारल्यावर, आयुष्यभराच्या ज्ञानाचे मागतो, असे त्याने सांगितले. नोव्हेंबर १८७८ मध्ये तो खटला जिंकला आणि त्याला भरपाई मिळाली एक फार्दिंग, म्हणजे पेनीचा चौथा हिस्सा. खटल्याच्या खर्चाची त्यात भर पडून पुढच्या वर्षी त्याचे दिवाळे वाजले. रस्किन यांनी त्या चित्राला वाईट म्हटले, याबद्दल मला काही म्हणायचे नाही. समीक्षकाला तो अधिकार आहेच. ज्याने आयुष्यभर पाहण्याचा आग्रह धरला, त्याने या एका चित्राबाबत काय पाहिले ते सांगितलेच नाही, हे मला जास्त लागते.

निकाल निरीक्षणापासून तोडून वेगळा विकण्याची रीत त्यानंतरची. १९२८ मध्ये न्यूयॉर्कच्या 'डेली न्यूज' या वृत्तपत्राने चित्रपटांना तारे द्यायला सुरुवात केली. पुढे अमेरिकी दूरचित्रवाणीवर जीन सिस्केल आणि रॉजर ईबर्ट या शिकागोच्या दोन प्रतिस्पर्धी समीक्षकांनी अंगठा वर किंवा खाली करण्याची खूण घरोघरी पोहोचवली. त्या कार्यक्रमाची खरी गंमत त्यांच्या भांडणात होती. दोघे चित्रपटातील तुकडे दाखवत, त्यावरून एकमेकांशी हुज्जत घालत, आणि ती हुज्जत ऐकताना प्रेक्षकाला तोच तुकडा दोन तऱ्हांनी पाहता येई. जाहिरातींना मात्र भांडणाचे काय सोयरसुतक? त्यांनी फक्त अंगठे उचलले.

टक्केवारीच्या संकेतस्थळांनी या प्रक्रियेवर कळस चढवला. १९९८ मध्ये सुरू झालेल्या 'रॉटन टोमॅटोज'वर दिसणारा मोठा आकडा गुणांची सरासरी नसतो. किती टक्के परीक्षणे अनुकूल आहेत एवढेच तो सांगतो, आणि साठ टक्क्यांना चित्रपट 'ताजा' ठरतो. समजा दहा समीक्षकांनी एका चित्रपटाला 'ठीक आहे, बघायला हरकत नाही' असे म्हटले, तर त्याला शंभर टक्के मिळतील. दुसऱ्या चित्रपटाने सहा जणांना झपाटून टाकले आणि चौघांना संताप आणला, तर त्याला साठ. ज्या चित्रपटाविषयी कोणालाच काही विशेष सांगायचे नाही तो वर, आणि ज्याविषयी रात्रभर वाद घालता येईल तो खाली, असा हा क्रम लागतो. हे गणित कोणी लपवलेले नाही, संकेतस्थळावर ते लिहिलेलेच असते. तरीही जाणती माणसे 'त्याला ब्याण्णव आहेत' असे बोलतात, जणू चित्रपटाने परीक्षेत ब्याण्णव गुण मिळवले आहेत.

याहून बोलका प्रकार २०१७ मध्ये घडला. नेटफ्लिक्सने पाच ताऱ्यांची पद्धत मोडीत काढून अंगठा आणला. त्यामागचे एक कारण असे दिले गेले की लोक तारे देताना एक वागतात आणि पाहताना दुसरे. गंभीर माहितीपटाला पाच तारे देतात, आणि रोज संध्याकाळी जे लावून बसतात त्या हलक्याफुलक्या विनोदी चित्रपटाला तीन. कंपनीच्या दृष्टीने ही अडचण होती, कारण तिला पुढे काय दाखवावे एवढेच ठरवायचे होते. मला मात्र ही माणसांविषयीची अत्यंत मोलाची माहिती वाटते. आपण ज्याला श्रेष्ठ मानतो ते आपण पाहत नाही, आणि जे पाहतो त्याला श्रेष्ठ म्हणायला कचरतो. मग जे पुन्हा पुन्हा पाहिले जाते त्यात नेमके काय आहे, आणि जे मानले जाते त्याच्यापासून आपण अंग का चोरतो? लोकप्रिय संस्कृतीवरील सारी गंभीर चर्चा या फटीतूनच सुरू व्हायला हवी होती. मोजमापाच्या सोयीसाठी ती फटच बुजवली गेली.

मोजमापावर इतका भर असताना, त्या मोजमापाचा कलाकृतीच्या घडणीवर होणारा परिणाम मात्र चर्चेत क्वचितच येतो. प्रवाहमाध्यमावर (स्ट्रीमिंग सेवेवर) मालिकेचा भाग संपतो तो क्षण घ्या. शेवटची चौकट अंधारते, नामावली सुरू होते, आणि दोनचार क्षणांत ते सगळे आक्रसून एका कोपऱ्यात जाते. शेजारी पुढच्या भागाची उलटी मोजणी चालू होते. ज्या दिग्दर्शकाने अखेरच्या दृश्यानंतरची शांतता, किंवा नामावलीखाली वाजणारे संगीत, हा कथेचाच भाग म्हणून रचला असेल, त्याचे काम तिथे कापले जाते, आणि कापणारा हात संकलकाचा नसतो. कसलेले लेखक हे ओळखून आहेत. भागाचा शेवट विरत जाण्याऐवजी हिसका देऊन तुटतो, म्हणजे उलटी मोजणी रद्द करावीशी वाटत नाही. सुरुवातीची शीर्षकगीते अनेक मालिकांत एका पाटीपुरती उरली, कारण ती ओलांडून पुढे जाण्याचे बटण हाताशीच असते. एखादी मालिका 'वेगवान' आहे असे परीक्षणात वाचले की तो वेग कथेचा आहे की या बटणांचा, असा प्रश्न मला पडतो. परीक्षण लिहिणाऱ्यांना तो पडलेला फारसा दिसत नाही. (त्यांना सगळे भाग आधीच, बहुधा सलग, पाहायला मिळतात, हेही एक कारण असेल.)

गाण्यांच्या बाबतीत हेच बोलणे अधिक सावधपणे करावे लागते. स्पॉटिफायवर गाणे तीस सेकंद ऐकले गेले की ते ऐकले असे मोजतात, म्हणून गाण्यांच्या सुरुवातीच्या वाद्यरचना आखडल्या, असे सर्रास म्हटले जाते. अमेरिकी लोकप्रिय गाण्यांच्या २०१७ मधील एका संगीतशास्त्रीय अभ्यासात असे आढळले होते की १९८० च्या दशकाच्या मध्याला गायन सुरू होण्याआधी सरासरी वीस सेकंदांहून अधिक वाट पाहावी लागे, आणि २०१५ पर्यंत हा काळ पाच सेकंदांवर आला. परंतु स्पॉटिफाय सुरूच झाले २००८ मध्ये. तीस वर्षांतील बदलाचे खापर त्यातील शेवटच्या काही वर्षांवर कसे फोडायचे? श्रोत्याच्या हातात 'पुढे' जाण्याचे साधन त्याआधीपासून होते, आणि आकाशवाणीवरील स्थानक बदलणे तर त्याहून जुने. प्रवाहमाध्यमांनी एका चालू प्रवृत्तीला जोर दिला, इतपत म्हणता येईल. आणि आखूड सुरुवात म्हणजे गरीब सुरुवात, हेही गृहीत धरू नये. पहिल्याच सेकंदाला उघडा आवाज, मागे काहीच नाही, आणि वाद्ये दुसऱ्या ओळीला येतात, ही रचना ऐकणाऱ्याला एकदम गायकाच्या इतक्या जवळ नेते की लांबलचक वाद्यरचनेला ते साधणार नाही. ती कुठे साधली आणि कुठे नुसती उरकली, हे गाणे ऐकूनच सांगावे लागेल.

लोकप्रिय कलेकडे असे बारकाईने पाहायचे का, हा वाद आता मिटला आहे असे मानले जाते. १९३९ मध्ये अमेरिकी कलासमीक्षक क्लेमंट ग्रीनबर्ग यांनी एका बाजूला अग्रगामी कला आणि दुसऱ्या बाजूला बाजारू माल अशी फाळणी केली. अडोर्नो आणि हॉर्कहायमर या जर्मन विचारवंतांनी 'संस्कृती-उद्योग' ही कल्पना मांडून लोकप्रिय कलेला कारखान्यातील साचेबंद उत्पादनाच्या रांगेत बसवले. त्यांना उत्तर मिळाले ते बर्मिंगहॅम विद्यापीठात रिचर्ड हॉगर्ट यांनी १९६४ मध्ये स्थापन केलेल्या संस्कृती-अभ्यासाच्या केंद्रातून. प्रेक्षक समोर येईल ते निमूट गिळत नाही, तो स्वतःचा अर्थ लावतो, कधी उलटाही लावतो, हे त्याच केंद्रातील स्टुअर्ट हॉल यांनी ठामपणे मांडले. या शतकाच्या आरंभी इंग्रजी संगीतसमीक्षेतही असाच हिशेब चुकता झाला: गिटार घेऊन स्वतःची गाणी लिहिणारा पुरुष तेवढा अस्सल, आणि स्टुडिओत घडवलेले पॉप गाणारी मुलगी नकली, हा पूर्वग्रह उघडा पाडला गेला.

हे सगळे व्हायलाच हवे होते. त्यानंतर जे झाले ते मात्र विचित्र आहे. लोकप्रिय गोष्टीला मान द्यायचा म्हणजे तिला प्रश्न विचारायचे नाहीत, असा समज रुजला. 'लोकांना आवडते ना, मग तुमचे काय जाते' हे वाक्य पूर्वी निर्माते म्हणत. आता ते समीक्षकही म्हणू लागले आहेत, थोड्या भारदस्त भाषेत. जगातील सर्वांत मोठ्या कंपन्यांची उत्पादने जणू कुणी दुबळे अन्यायग्रस्त असावीत, अशी त्यांची पाठराखण केली जाते. एखाद्या महानायकपटातील (सुपरहिरोपटातील) मारामारीत कोण कुठे उभे आहे ते कळत नाही, एवढे साधे म्हटले तरी 'तुम्ही या प्रकाराचे प्रेक्षकच नाही' असे सुनावले जाते. वास्तविक ही तक्रार त्या प्रकाराला गांभीर्याने घेणारी आहे. चांगल्या मारामारीत जागेचा नकाशा प्रेक्षकाच्या डोक्यात स्पष्ट असतो, दार कुठे, जिना कुठे, आणि म्हणूनच कोणी मागून आला की धसका बसतो. ही कारागिरी आहे, आणि ती जमली नाही असे म्हणणे म्हणजे ती जमू शकते यावर विश्वास ठेवणे.

दुसऱ्या टोकाला नैतिक तपासणीची यादी आहे. कोणाला पडद्यावर जागा मिळाली, कोणाला बोलू दिले, कोणाचे चित्रण खोटे झाले, हे प्रश्न मला महत्त्वाचे वाटतात. पूर्वीच्या 'शुद्ध कला'वाल्यांनी ते विचारले नाहीत ही त्यांची उणीव होती. पण याही प्रश्नांना यादीत खुणा करून उत्तरे मिळत नाहीत. १९८५ मध्ये ॲलिसन बेक्डेल यांच्या व्यंगचित्रमालिकेत एका पात्राने चित्रपट निवडण्याचा आपला नियम सांगितला: त्यात किमान दोन बायका हव्यात, त्या एकमेकींशी बोलायला हव्यात, आणि पुरुषाव्यतिरिक्त कशाबद्दल तरी बोलायला हव्यात. तो एक तिरकस विनोद होता, आणि शेकडो चित्रपटांच्या ढिगाला तो लावला की जनगणनेसारखे धक्कादायक चित्र हाती येते. तोच नियम एकेका चित्रपटाचे चारित्र्य-प्रमाणपत्र म्हणून वापरला की मात्र फसतो. संवादांत नायिकेच्या कर्तृत्वाची भलामण चालू आहे, ती आपला निर्णय जाहीर करते, आणि नेमक्या त्या वाक्याला संकलक नायकाच्या चेहऱ्यावर कट घेतो, तिचे वाक्य आपल्याला त्याच्या प्रतिक्रियेतून पोहोचते. संहिता वाचणाऱ्याला यात काही वावगे दिसणार नाही. दृश्य कोणाचे आहे ते कॅमेऱ्याने केव्हाच ठरवलेले असते. राजकारण शोधायचे तर ते इथे, अशा कटमध्ये सापडते.

चाहत्यांच्या फौजांबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. चित्रपट प्रदर्शित होण्याआधीच त्याच्यावर रागाचे ढीग रचण्याचे प्रकार इतके वाढले की फेब्रुवारी २०१९ मध्ये 'रॉटन टोमॅटोज'ने 'पाहण्याची इच्छा' दर्शवणारी प्रदर्शनपूर्व टक्केवारी दाखवणे बंद केले. न पाहिलेल्या चित्रपटाचा निकाल, हे या घाईचे तर्कशुद्ध टोक म्हणावे लागेल.

समीक्षकांच्या बाजूने बोलायचे तर त्यांच्या पायाखालची जमीनही सरकते आहे. १९९० च्या दशकात उगवलेले आणि दशांशापर्यंत गुण देण्यासाठी ख्यात असलेले 'पिचफोर्क' हे संगीत-परीक्षणांचे संकेतस्थळ जानेवारी २०२४ मध्ये त्याच मालकाच्या एका पुरुषांच्या मासिकात विलीन केले गेले. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने २०२५ मध्ये आपली साप्ताहिक पुस्तक-परीक्षणे थांबवली. पगारी समीक्षकाला एखादी गोष्ट दोनदा पाहण्याची उसंत आणि मोबदला मिळत असे. लेखामागे तुटपुंजे मानधन घेणाऱ्याने ती चैन कुठून करावी? त्यात परीक्षण प्रदर्शनाच्या दिवशी आले पाहिजे, आणि रहस्य फुटता कामा नये. मग कथानकाचा पूर्वार्ध, अभिनयाला एकेक विशेषण, तांत्रिक बाजू 'उत्तम', आणि तारे, असा साचा उरतो. चित्रपटाचा शेवट तर या लेखनातून पूर्णपणे हद्दपार झाला आहे, आणि बहुतेक कलाकृतींचा खरा कस शेवटातच लागतो.

प्रदर्शनाच्या दिवशीचे परीक्षण बंद करा असे मी म्हणणार नाही. तिकीट काढावे की नाही हे ठरवणाऱ्याची ती रास्त गरज आहे. परंतु ज्यांनी ती गोष्ट पाहून टाकली आहे त्यांच्यासाठी, दोनतीन आठवड्यांनी, शेवटासकट लिहिलेले असे काही नियमाने मिळत नाही. आणि पाहून झालेल्यांची संख्या तर रोज वाढत असते. घरी ध्वनिचित्रफिती येण्यापूर्वीच्या समीक्षकाला अंधारात एकदा पाहिलेल्या चित्रपटावर आठवणीतून लिहावे लागे, आणि वाचकाला त्याच्या शब्दावर विसंबावे लागे. आता वाचकाच्या हातात थांबवण्याचे बटण आहे. समीक्षकाने 'एकेचाळिसाव्या मिनिटाला दारातला तो कट पाहा' असे लिहिले, तर वाचक तिथे जाऊन पाहू शकतो आणि 'तुम्ही म्हणता तसे तिथे काही नाही' असे खडसावूही शकतो. दृश्ये थांबवून, शेजारी शेजारी लावून बोलणारे काही दृश्यनिबंध हे काम करतात, आणि त्यांतील चांगले निबंध कित्येक छापील परीक्षणांना मागे टाकतात. लिहिणाऱ्यांनी मिनिटांचा उल्लेख करण्याचा संकोच का बाळगावा, हे मला कळत नाही; कवितेवर लिहिताना ओळ उद्धृत करायला कोणी लाजत नाही.